कृष्णविवराचे चित्र आणि साक्षीची अमानत



या महिन्याचे प्रवचन मला माझ्याच एका चुकीपासून सुरू करावे लागत आहे. काही काळापूर्वी जुमाच्या बयानात मी मिंबरवरून एक गोष्ट सांगितली. ती मला मोबाइलवरील एका संदेशातून मिळाली होती. संदेशासोबत ते सर्वपरिचित चित्र होते : नारिंगी तेजाचे वलय आणि मध्यभागी काळोख. खाली लिहिले होते की, शास्त्रज्ञांनी २०१९ साली ज्या कृष्णविवराचे चित्र जगाला दाखवले, त्याचा उल्लेख कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच केलेला आहे. आधार म्हणून सूरह अत्-तकवीरच्या १५ व्या आणि १६ व्या आयती दिल्या होत्या. तेथे 'खुन्नस' आणि 'कुन्नस' अशा शब्दांनी शपथ घेतलेली आहे. संदेशकर्त्याच्या मते 'कुन्नस' म्हणजे झाडून नेणारे, आणि कृष्णविवर तर आसपासचे सारे काही झाडून गिळून टाकते. मला ते फार आवडले. मी ते सांगितले, आणि सफांतून 'सुब्हानल्लाह'चा उद्गार उमटला.

नमाजनंतर बारावीत विज्ञान शिकणारा एक मुलगा थांबला. चपला हातात धरून, अदबीने, पण चेहऱ्यावरचा गोंधळ न लपवता तो म्हणाला, "मौलाना साहेब, कृष्णविवर झाडून नेत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील, असे आमच्या सरांनी गणिताने दाखवले आहे. मग मी काय समजू?"

त्याच्या प्रश्नाला त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या मुलाला मी अशा वळणावर नेऊन उभे केले होते की, त्याला त्याचे सर आणि अल्लाहचा ग्रंथ यांपैकी एकाची निवड करावी लागावी. असा पेच कुरआनने निर्माण केला नव्हता, तो मी निर्माण केला होता.

रात्री शब्दकोश आणि तफसीर उघडली. अरबीत 'क-न-स' या धातूचे दोन वापर आहेत. एकाचा अर्थ झाडणे. दुसरा 'किनास' या शब्दाशी जोडलेला आहे. किनास म्हणजे हरिणाची झाडीतील लपण्याची जागा, आणि त्यात शिरून दिसेनासे होणे हा त्या क्रियापदाचा अर्थ. 'कुन्नस' हे याच दुसऱ्या अर्थाचे अनेकवचन असल्याचे जुने भाष्यकार सांगतात. हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेल्या अर्थानुसार ते दिवसा लपणारे आणि रात्री प्रकटणारे तारे होत. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून रानगाईंचा अर्थ आलेला आहे. झाडू कोणाच्याच हातात नाही. ज्याने मदरशात वर्षानुवर्षे सर्फ आणि नह्व घोकले, त्याने पाच मिनिटांचा शोध न घेता मिंबरवर चढावे, याला मी आळस म्हणून सोडून देऊ शकत नाही. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना स्पष्ट ताकीद आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची नीट तपासणी करा, न जाणता कोणाची हानी करून बसू नका. मला तर बातमी आणणाऱ्याचे नावसुद्धा ठाऊक नव्हते.

मग मी ते चित्र प्रत्यक्षात कसे तयार झाले, याचा अभ्यास केला. त्यात मला जे सापडले ते त्या संदेशापेक्षा कितीतरी अधिक आपल्या कामाचे आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

मेसिए ८७ नावाची एक विशाल दीर्घिका आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. आकडे ऐकून ते फार मोठे वाटते आणि ते मोठे आहेच; परंतु एवढ्या अंतरावरून त्याचे वलय आकाशात किती लहान दिसते? चंद्रावर ठेवलेले एक संत्रे पृथ्वीवरून जेवढे दिसेल, साधारण तेवढे. कोणतीही दुर्बीण किती बारीक पाहू शकेल, हे दोन गोष्टींवर ठरते : तिचा व्यास किती आणि ती टिपत असलेल्या लहरीची लांबी किती. शास्त्रज्ञांनी १.३ मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर निवडली. वलयाभोवतीच्या धूसर वायूंतून ती बाहेर येऊ शकते. तरीही हिशेब सांगत होता की, दुर्बिणीची तबकडी पृथ्वीएवढी हवी.

अशी तबकडी कोणी बांधू शकत नाही. मात्र दूरदूर ठेवलेल्या अनेक तबकड्यांनी एकाच क्षणी आलेली लहर टिपली आणि त्या नोंदी नंतर एकमेकींशी जुळवल्या, तर त्या मिळून एका प्रचंड तबकडीचे काम करू शकतात. हे तत्त्व आमच्या जुन्नर तालुक्यातील लोकांना परके वाटू नये. खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर चालते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. विज्ञानदिनी मकतबची मुले घेऊन मी तेथे गेलो होतो. तारांच्या जाळीच्या त्या तबकड्यांतून पलीकडचे आकाश दिसते, याचेच मुलांना अधिक नवल वाटले. कृष्णविवराच्या त्या चित्रात खोडदचा सहभाग नव्हता. तेथील लहरी मीटरच्या मापाच्या आहेत. पण तत्त्व तेच, अंतर मात्र खंडाखंडांचे.

एप्रिल २०१७ मध्ये आठ रेडिओ दुर्बिणी एकाच लक्ष्याकडे वळल्या. दोन चिलीच्या अटाकामा वाळवंटात, दोन हवाईच्या मौनाकेआ पर्वतावर, एक मेक्सिकोतील सिएरा नेग्रा या ज्वालामुखीवर, एक ॲरिझोनात, एक स्पेनच्या पिको वेलेता शिखरावर आणि एक थेट दक्षिण ध्रुवावर. या संयुक्त प्रकल्पाचे नाव इव्हेंट होरायझन टेलिस्कोप. जागा उंच आणि कोरड्या निवडल्या होत्या, कारण हवेतील बाष्प ही लहर शोषून घेते. सर्वत्र एकाच वेळी आकाश निरभ्र हवे. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेझर हे अतिसूक्ष्म अणुघड्याळ, ज्यामुळे कोणती लहर नेमकी केव्हा आली हे सांगता यावे. नोंदी एवढ्या प्रचंड होत्या की, इंटरनेटने पाठवणे अशक्य. अर्धा टन वजनाच्या हार्ड डिस्क विमानाने अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतील बॉन येथील माक्स प्लांक संस्थेत पोहोचवल्या गेल्या. दक्षिण ध्रुवावरील डिस्कना तर तेथील हिवाळा संपून विमान उतरेपर्यंत थांबावे लागले. त्या वर्षअखेरीस आल्या. दक्षिण ध्रुवावरून मेसिए ८७ क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे त्या दुर्बिणीने या दीर्घिकेचे वेध घेतलेच नाहीत. जुळवणीच्या तपासणीसाठी तिचा उपयोग झाला. जे तिला दिसत नव्हते, त्याची साक्ष तिच्या नावावर लावली गेली नाही. मला हा तपशील वाचून थांबावेसे वाटले.

आता मुख्य अडचण पाहा. पृथ्वीएवढ्या तबकडीवर केवळ काही ठिपके आहेत. उरलेली तबकडी रिकामी. म्हणजे मिळालेली माहिती तुटक आहे आणि तिच्यात बसू शकतील अशी चित्रे अगणित आहेत. आमच्या मशिदीच्या कपाटात वाळवीने खाल्लेला एक जुना कुरआन आहे. त्याची गळालेली अक्षरे हाफिज सहज सांगतो, कारण संपूर्ण मजकूर त्याच्या उरात आहे. शास्त्रज्ञांच्या उरात तसा मजकूर नव्हता. परंतु त्यांच्या मनात एक अपेक्षा होती. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार तेथे तेजाचे वलय आणि मध्ये छाया दिसायला हवी, हे त्यांना आधीच माहीत होते. अनेकांनी आयुष्याची वर्षे त्यात घातली होती. गळालेल्या जागी माणूस काय भरेल? जे त्याला हवे आहे, तेच. आणि भरताना आपण भरतो आहोत, हे त्याच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून त्यांनी चित्र तयार करण्याचे काम चार स्वतंत्र गटांकडे दिले. दोन गटांनी एक पद्धत वापरली, दोन गटांनी दुसरी. सुमारे सात आठवडे या गटांनी आपले चित्र एकमेकांना दाखवायचे नाही, त्याविषयी बोलायचेही नाही, असा नियम होता. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे ते एकत्र आले आणि चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवण्यात आली. चारही वलये होती. चारही चित्रांत खालची बाजू अधिक उजळ होती.

येथे हदीसशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'मुतवातिर'ची आठवण आल्यावाचून राहणार नाही. ज्या वृत्ताचे कथन प्रत्येक पायरीवर इतक्या लोकांनी केलेले असते की, त्या सर्वांनी संगनमताने खोटे सांगणे व्यवहारात अशक्य ठरावे, त्या वृत्ताला आपले मुहद्दिस मुतवातिर म्हणतात. त्यांचे बळ केवळ संख्येत नसते. दहा माणसांनी एकाच तोंडून ऐकले असेल तर साक्षीदार एकच. आज एक संदेश पाचशे गटांतून फिरतो आणि आपण म्हणतो, 'सगळीकडे हेच आले आहे.' अर्थात तुलना ताणू नये : मुतवातिर वृत्त पाहणाऱ्याच्या इंद्रियांपर्यंत जाऊन थांबते, हे चित्र गणितावर उभे आहे, आणि चारही गटांसमोर नोंदी एकच होत्या. पण संगनमताची वाट आधीच बंद करण्याची ती दक्षता आपल्या मुहद्दिसांना ओळखीची वाटली असती.

चार चित्रे जुळल्यावरही त्यांनी ढोल वाजवला नाही. पुढची कसोटी मला सर्वांत कठोर वाटते. त्यांनी संगणकात खोट्या नोंदी तयार केल्या. काही वलयाच्या, काही चंद्रकोरीच्या, काही दोन वेगळ्या ठिपक्यांच्या आणि काही चक्क भरीव चकतीच्या, जिच्या मध्ये छिद्र नाही. मग आपल्या पद्धतींना हजारो वेगवेगळ्या मांडण्यांत या नोंदी दिल्या. ज्या मांडण्या या सर्व आकृत्या नीट ओळखू शकल्या, त्याच स्वीकारल्या. भरीव चकती दिली असता जी पद्धत वलय दाखवील, ती विश्वासाला अपात्र. म्हणजे ज्या उत्तराची मनोमन इच्छा होती, त्याच उत्तराविरुद्ध त्यांनी आपली यंत्रे तपासून घेतली.

१० एप्रिल २०१९ रोजी चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा शोधनिबंध सोबत होते आणि नोंदीही जगासाठी खुल्या करण्यात आल्या. २०२२ मध्ये जपानमधील मियोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून आपल्याला वलय दिसत नाही, असा दावा केला. प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी त्यावर रोष न धरता त्रुटी कोठे वाटते ते लिहून उत्तर दिले. इतर स्वतंत्र अभ्यासकांना वलय मिळाले होते. पुढे २०१८ सालच्या वेगळ्या नोंदींतूनही तेवढ्याच आकाराचे वलय आले, फक्त त्याची उजळ बाजू थोडी सरकलेली होती.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांनी त्यांच्या दारी तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही, तेव्हा ते परतले. कारण विचारले असता त्यांनी प्रेषितांची (स.) तशी शिकवण असल्याचे सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी साक्षीदार मागितला. अबू मूसा (रजि.) अन्सारांच्या बैठकीत गेले आणि हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी येऊन साक्ष दिली. अबू मूसा (रजि.) हे थोर सहाबी, त्यांच्या सचोटीवर कोणाला संशय नव्हता. साक्षीदार मागणे हा त्यांचा अपमान नव्हता, प्रेषितांच्या (स.) नावाने काय बोलले जाते, त्याची ती राखण होती. आपल्या घरात मुलाने 'अब्बा, हे कोठे लिहिले आहे?' असे विचारले की आपला चेहरा का बदलतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मी तो केला आहे.

श्रेयाबद्दलही एक गोष्ट सांगून पुढे जातो. चित्र प्रसिद्ध झाल्यावर केटी बाऊमन या तरुण संशोधिकेचे छायाचित्र जगभर फिरले आणि जणू तिनेच एकटीने सारे केले असे लिहिले जाऊ लागले. तिने स्वतः जाहीरपणे सांगितले की, हे कोणा एका व्यक्तीचे वा एका पद्धतीचे काम नाही. काहींनी मग तिला कमी लेखण्यासाठी अँड्र्यू चेल या सहकाऱ्याला खरा कर्ता ठरवले, तेव्हा त्यानेही पुढे येऊन तिची बाजू घेतली. न केलेल्या कामाची स्तुती दोघांनीही नाकारली.

चित्राविषयी आणखी दोन खुलासे आवश्यक आहेत, कारण आपल्याकडे तेही चुकीचे सांगितले जातात. नारिंगी रंग माणसाने दिलेला आहे. रेडिओ लहर डोळ्याला दिसत नाही. आणि मधला काळोख म्हणजे प्रत्यक्ष कृष्णविवराची कडा नव्हे. ती त्याची छाया आहे, घटना-क्षितिजाहून सुमारे अडीच पट मोठी. काही वक्ते या चित्रावरून 'माणसाने ग़ैब पाहिले' असे म्हणतात. ग़ैब हा शब्द इतका स्वस्त नाही. दूर असलेली, काळोखात असलेली वस्तू ही निर्मितीच आहे, आणि निर्मितीकडे पाहण्याची आज्ञा तर कुरआन वारंवार देतो.

१२ मे २०२२ रोजी आपल्याच आकाशगंगेच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराचे चित्र आले. ते सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट. जवळ असूनही ते अधिक अवघड ठरले, कारण त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत फेरी पूर्ण करतो. मेसिए ८७ मध्ये त्यालाच दिवस, कधी आठवडे लागतात. नोंद घेता घेताच दृश्य बदलत होते. हजारो संभाव्य चित्रांचे चार समूह झाले. तिघांत वलय होते, पण उजळ ठिपके निरनिराळ्या जागी. चौथ्या लहान समूहात वलय नव्हते. तो चौथा समूहही त्यांनी दडवला नाही, छापला.

आता हे सारे ज्या प्रसंगाकडे मला घेऊन गेले, तो सांगतो. हिजरी १० मध्ये प्रेषितांचे (स.) सुपुत्र इब्राहीम दूधपित्या वयात वारले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेत लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या निधनामुळे सूर्य झाकोळला. विचार करा : बोलणारे निष्ठावान होते, मनापासून बोलत होते, आणि त्या बोलण्याने प्रेषितांचा (स.) मानच वाढणार होता. शोकाकुल पित्याने फक्त गप्प राहायचे होते. त्याऐवजी त्यांनी लोकांना नमाजसाठी एकत्र केले आणि मग सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्या बाजूने आलेली खोटी साक्ष त्यांनी पुत्रशोकाच्या दिवशी परत केली. मी मात्र तशीच एक साक्ष, कोणतेही दुःख नसताना, वाहवेसाठी मिंबरवरून वाटली होती.

पुढच्या जुमाला मी सर्वांसमोर चूक कबूल केली. 'कुन्नस'चा अर्थ सांगितला, आणि कृष्णविवर झाडू नसल्याचेही सांगितले. यावेळी 'सुब्हानल्लाह' कोणी म्हटले नाही. नमाजनंतर पहिल्या सफेतले एक वयस्कर चाचा नाराजीने म्हणाले, "मौलाना, लोकांना दाखवायला एक पुरावा होता, तोही तुम्ही काढून घेतलात." मी म्हणालो, "चाचा, तो आपला नव्हताच. उद्या दुसऱ्या कोणी सर्वांसमोर काढून घेतला असता, तर या मुलांनी कुरआनच हातातून सुटला असे समजले असते." ते काही बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत, पायरीवर बसून राहिले.

त्या विज्ञानाच्या मुलाने ते चित्र छापून आणले आणि मकतबच्या भिंतीवर लावले. खाली स्वच्छ मराठीत लिहिले : अंतर, वस्तुमान, वेध घेतल्याचे वर्ष, आणि शेवटी 'रंग कृत्रिम आहे'. आयत लिहू का, असे त्याने विचारले होते. मी तूर्त राहू दे म्हणालो. परवा चाचा चश्मा पुसून तो मजकूर ओळ ओळ वाचताना दिसले. ६५० कोटींच्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी मुलाला विचारले, "हा कोठून घेतलास?" मुलगा दप्तरातून कागद काढायला धावला.